मखरातला सिड

आपल्याकडे 'युथ आयकॉन' व्हायला फार काही लागत नाही. एक वाढदिवस, एक फ्लेक्स, फ्लेक्सच्या तळाशी शुभेच्छुकांचे तीस-चाळीस चेहरे आणि कोपऱ्यात आशीर्वाद देणारे साहेब, की झालं. दुसऱ्या आठवड्यात तोच फ्लेक्स कुणाच्या तरी पत्र्याची गळती थांबवत असतो. इंग्रज या बाबतीत काटेकोर. त्यांच्याकडे उमेदवाराला निदान मरावं तरी लागतं. सिड व्हिशस या पंक वादकाने ही अट एकविसाव्या वर्षीच पूर्ण केली. तेव्हापासून विलायतेतली शिकलीसवरलेली माणसं तो खराखुरा आयकॉन होता की नव्हता यावर गंभीर चेहऱ्याने वाद घालताहेत. आमचं मत कुणी विचारलेलं नाही. सदर लिहायला तेवढं कारण पुरतं.

गृहस्थांचं मूळ नाव जॉन सायमन रिची. जन्म 1957, लंडन. 'सिड' हे नाव त्याच्या मित्राच्या, म्हणजे जॉन लायडनच्या पाळलेल्या हॅमस्टरचं. तो इवलासा प्राणी याला कडकडून चावला आणि त्या चाव्यातून 'सिड व्हिशस', म्हणजे खुनशी सिड, हे अख्खं नाव निघालं. आपल्याकडे उंदराने देवाला पाठीवर घेतलं. तिकडे त्याच्या चुलतभावाने थेट देवच घडवला.

काळ 1976-77चा. इंग्लंडमध्ये नोकऱ्यांची वानवा, आणि रॉकवाले पंधरा-पंधरा मिनिटं गिटार आळवण्यात मग्न. अशात काही पोरांनी ठरवलं की तीन कॉर्ड आणि भरपूर संताप एवढ्यावर गाणं होतं. हेच पंक. सेक्स पिस्टल्स हा त्यातला सर्वात गाजलेला बँड. लायडन ओरडायचा, स्टीव्ह जोन्स गिटार वाजवायचा, पॉल कुक ड्रम्स, आणि बास गिटारवर ग्लेन मॅटलॉक, ज्याला चाली सुचायच्या. व्यवस्थापक माल्कम मॅकलारेन. याचं व्हिव्हियन वेस्टवूडबरोबर किंग्ज रोडवर कपड्यांचं दुकान होतं. पुढचं सगळं समजून घ्यायचं तर हे दुकान ध्यानात ठेवा.

फेब्रुवारी 1977 मध्ये मॅटलॉक बँडमधून गेला. मॅकलारेनने 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'ला तार ठोकून कारण कळवलं: हा पॉल मॅकार्टनीबद्दल फार बोलतो. मॅटलॉकचं म्हणणं, मीच सोडलं. त्याच्या जागी सिड आला. पात्रता दोन: तो लायडनचा दोस्त होता आणि दिसायला झकास होता. बास वाजवता येत नव्हती. मोटरहेड बँडच्या लेमीने शिकवून पाहिलं आणि हात टेकले. बँडचा एकुलता एक स्टुडिओ अल्बम ऑक्टोबर 1977 मध्ये आला. त्याच्या रेकॉर्डिंगच्या काळात सिडला कावीळ झाली होती, म्हणून बहुतेक गाण्यांवर बास वाजवली ती गिटारवाल्या जोन्सने. 'बॉडीज' या गाण्यात सिडची बास आहे म्हणतात, पण तीही इतर आवाजांखाली पुरलेली. म्हणजे पंकमधला सर्वात प्रसिद्ध बासवादक त्या काळातल्या सर्वात प्रसिद्ध अल्बमवर जवळजवळ नाहीच.

भक्तमंडळींकडे यावर उत्तर तयार असतं. अहो, पंकचा मुद्दाच तो होता! कुणीही उठावं आणि वाजवावं! मान्य. पण त्या वाक्यात 'वाजवावं' हे क्रियापद आहे. शेजारच्या 'द क्लॅश' बँडमध्ये पॉल सायमनन नावाचा मुलगा होता. त्यालाही बास येत नव्हती. त्याने पट्टीवर रंगाने सुरांची नावं लिहून घेतली, रोज ठोकत बसला, आणि दोन-तीन वर्षांत 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन' हे स्वतःचं गाणं रचून मोकळा झाला. सूझी सू, पॉली स्टायरिन, 'द स्लिट्स'मधल्या मुली, सगळ्यांनी शून्यापासूनच सुरुवात केली होती. ती मंडळी शून्यावर थांबली नाहीत. सिड थांबला, आणि देव्हाऱ्यात तो बसला.

वाजवणं राहू द्या, कर्तृत्व बघू. 1976 मध्ये लंडनच्या '100 क्लब'मध्ये त्याने निक केंट या संगीतसमीक्षकावर सायकलची चेन चालवली. (आम्हीही अधूनमधून समीक्षा लिहितो, त्यामुळे या मुद्द्यावर आम्हाला निःपक्षपाती समजू नये.) त्याच क्लबात सप्टेंबरमध्ये एक काचेचा ग्लास भिरकावला गेला, खांबावर फुटला आणि त्याच्या ठिकऱ्या एका मुलीच्या डोळ्यात गेल्या. फेकल्याचा आरोप सिडवर आला, अटक झाली. पुढे पॅरिसच्या रस्त्यांवर तो नाझी चिन्हाचा टीशर्ट घालून कॅमेऱ्यासमोर मिरवला. प्रेयसी ज्यू घरातली. चाहते याला 'चिथावणी' म्हणतात. आमच्या लहानपणी याला दुसरा शब्द होता आणि त्याबरोबर एक मुस्कटात मिळायची.

मॅकलारेनची मात्र चैन होती. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने बँडला हाकललं आणि 40 हजार पौंड हातावर ठेवले. 10 मार्च 1977ला बकिंगहॅम राजवाड्यासमोर टेबल मांडून ए अँड एम कंपनीशी करार झाला. तिथून पोरं कंपनीच्या कचेरीत गेली आणि असा धिंगाणा घातला की आठवड्याभरात त्यांनीही हात जोडले. त्यांचे 75 हजार. गाणी न काढण्याचे इतके पैसे आजवर कुणाला मिळाले नसतील. शेवटी व्हर्जिन कंपनीने बँडला घेतलं. राणीच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली त्या मुहूर्तावर 'गॉड सेव्ह द क्वीन' आलं, बीबीसीने वाजवायला नकार दिला आणि ते खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. त्यातही चाल मॅटलॉकच्या काळातली.

जानेवारी 1978. अमेरिकेचा दौरा. मॅकलारेनने मुद्दाम दक्षिणेतली गावं निवडली, जिथे गुराखी टोप्या घातलेले प्रेक्षक बिअरचे डबे फेकायला आलेले असत. सॅन अँटोनियोत सिडने गळ्यातली बास काढून सरळ प्रेक्षकांवर हाणली. त्याच्या बासचा श्रोत्यांपर्यंत स्वच्छ पोचलेला असा हा एकच ठोका. दोन दिवसांनी डॅलस. त्या रात्रीचे फोटो कुठेही मिळतात. उघडा, हाडं मोजता येतील असा मुलगा. गळ्यात साखळी आणि तिला कुलूप. नाकातून आलेलं रक्त हनुवटीवरून छातीवर ओघळलेलं. छातीवर मोठ्या अक्षरांत नशेचा डोस द्या अशी मागणी लिहिलेली. बास पार मांड्यांपर्यंत लोंबतेय. वय वर्षं वीस. कुणाही डॉक्टरने हा फोटो पाहिला असता तर ॲम्ब्युलन्स बोलावली असती. मॅकलारेनकडे छायाचित्रकार होते.

दौरा संपताच बँड फुटला. सिडने मग पॅरिसमध्ये 'माय वे' गायलं. फ्रँक सिनात्रा, सूट-बूट, आयुष्याच्या संध्याकाळी कृतार्थ मागे वळून पाहणारा गृहस्थ, ते हे गाणं. पांढरा कोट घातलेला सिड झगमगत्या जिन्यावरून उतरतो, सुरुवातीला मुद्दाम रेकत गातो, मग किंचाळतो आणि शेवटी पिस्तूल काढून प्रेक्षकांत गोळ्या झाडतो. आम्हाला हे आवडतं, लपवत नाही. या तीन-चार मिनिटांत तरी मुलाला काही म्हणायचं होतं आणि ते त्याने म्हटलं. अर्थात वाजवलं दुसऱ्यांनीच.

आता ज्या भागावर त्याच्या आयकॉनपणाची खरी मदार आहे तो. न्यूयॉर्कचं चेल्सी हॉटेल, खोली क्रमांक 100, 12 ऑक्टोबर 1978. नॅन्सी स्पंजेन ही त्याची वीस वर्षांची प्रेयसी न्हाणीघरातल्या बेसिनखाली मेलेली सापडली. पोटात चाकूचा एक वार. पोलिसांनी सिडला खुनाच्या आरोपाखाली पकडलं. तो एकदा म्हणाला मी केलं, मग म्हणाला काही आठवत नाही. चोरीसाठी दुसऱ्याच कुणी मारलं असंही मानणारे आहेत. व्हर्जिनने 50 हजार डॉलर भरून त्याला जामिनावर सोडवलं. डिसेंबरात त्याने एका क्लबात गायिका पॅटी स्मिथच्या भावाला फुटक्या काचेने जखमी केलं आणि परत तुरुंगात गेला. 1 फेब्रुवारी 1979ला सुटला, त्याच रात्री पार्टी झाली, 2 फेब्रुवारीला हेरॉइनच्या जादा डोसाने मेला. खटला उभाच राहिला नाही. मेलेल्या आरोपीवर खटला चालत नाही. त्याचे टीशर्ट मात्र छापता येतात.

किंग्ज रोडच्या दुकानाने तर तो मरेपर्यंतही वाट पाहिली नव्हती. तो जामिनावर असतानाच टीशर्ट निघाला: ती मेली, मी जिवंत आहे, मी तुमचाच, अशा आशयाचा. 1986 मध्ये 'सिड अँड नॅन्सी' हा सिनेमा आला आणि दोन व्यसनी पोरांची फरफट अमर प्रेमकथा ठरली. लायडनला तो चित्रपट अजिबात आवडला नाही. त्याला कारण होतं, तो या दोघांना ओळखत होता.

भाविक म्हणतात, इतक्या कोवळ्या वयात गेला, जगला असता तर काय काय केलं असतं. एकविसाव्या वर्षी समाधी घेणारे आपल्याला ठाऊक आहेत. पण त्यांच्या नावावर आधी नऊ हजार ओव्या होत्या.

मेलेल्यांचा असा भाव, तर जिवंत बंडखोरांचं काय झालं? वेस्टवूडबाईंना 1992 मध्ये राणीकडून 'ओबीई' मिळाला, पुढे त्या 'डेम'ही झाल्या. 2006 मध्ये अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने पिस्टल्सना, सिडसकट, सन्मानाने आत घेतलं. लायडनने त्या संग्रहालयाला लघवीचा डाग म्हणून हस्तलिखित पत्र धाडलं. बरं वाटलं. दोनच वर्षांत तोच लायडन ट्वीडचा कोट घालून टीव्हीवर ब्रिटिश लोण्याची जाहिरात करत होता. त्या पैशातून त्याने आपला दुसरा बँड पुन्हा उभा केला, म्हणून आम्ही ते लोणी माफ करतो. 2015 मध्ये तर व्हर्जिन मनीने सेक्स पिस्टल्सची चित्रं असलेली क्रेडिट कार्डं काढली. अराजक आता हप्त्यांनीही मिळू लागलं. पुढच्याच वर्षी पंकच्या चाळिशीचे सोहळे सरकारी पाठबळाने होताहेत म्हणून मॅकलारेन-वेस्टवूडचा मुलगा ज्यो कॉरे भडकला. त्याने जुने कपडे, रेकॉर्डी असा संग्रह थेम्सवर बोटीत घालून जाळून टाकला. किंमत, त्याच्याच सांगण्यानुसार, 50 लाख पौंड. निषेध करतानाही भाव सांगायला तो चुकला नाही. दुकानदाराचं पोर.

आमचं वैर सिडशी नाही. त्याची आई स्वतः व्यसनी होती, बाप सोडून गेलेला, सावत्र बाप लवकर वारला. त्या पोराला उपचार हवे होते आणि आजूबाजूच्या प्रत्येकाने त्याला प्रेक्षक दिले. पंचेचाळीस वर्षांनंतरही आपण तेच देतोय. नॅन्सीची आई डेबोरा हिने मुलीवर एक पुस्तक लिहिलं, 1983 मध्ये. मग फिलाडेल्फियात खून झालेल्यांच्या कुटुंबीयांना आधार देणारी संस्था उभारली. या सगळ्या प्रकरणात मागाहून काही बरं घडवलं असेल तर त्या बाईने. तिला आयकॉन म्हटलेलं आमच्या तरी वाचनात नाही.

तेव्हा निकाल असा: सिड व्हिशस हा आयकॉन आहे, निर्विवाद आहे, पण तो किंग्ज रोडच्या त्या दुकानाचा. संगीताच्या खात्यात त्याची नोंद करू नये. तिथे बासवादकाची जागा रिकामी वाटत असेल तर ग्लेन मॅटलॉक अजून धडधाकट आहे. 2024 पासून उरलेले पिस्टल्स फ्रँक कार्टर या नव्या गायकाला घेऊन पुन्हा उभे राहिलेत आणि बास त्याच्याच गळ्यात आहे. त्याच्या तोंडाचा टीशर्ट कुठे मिळाला तर आम्हाला जरूर कळवा, साईझ एक्सएल.