श्री. दोनसीटे

न्यू जर्सीत दोनसीटे आडनावाचं एकही घराणं नाही. पण एडिसनपासून प्रिन्स्टनपर्यंतच्या मराठी वस्तीत दोनसीटे मात्र दर दोन-चार गल्ल्यांना एक सापडतो. कागदोपत्री तो कुलकर्णी असेल, पाटील असेल. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, मुलगी कॉलेजला गेलेली, घराचं कर्ज उतरणीला, कोलेस्टेरॉल चढणीला. आणि गराजमध्ये उघड्या टपाची, मिटल्या-उघडल्या दिव्यांची, दोनच माणसांची लाल माझदा मियाटा. मॉडेल नव्वदच्या दशकातलं, अर्थातच सेकंड हँड. ‘तुझ्या किचनच्या निम्म्या पैशात आली,’ असं तो बायकोला सांगतो. किचन आपल्या एकटीचं कधी झालं, हे तिला त्या दिवशी कळलं.

या माणसानं जन्मात कुणाला ‘नाही’ म्हटलेलं नसतं. सांगलीत वडिलांच्या चेतकवर पुढे उभं राहून तो शाळेत गेला, आणि वाटेत भेटलेल्या मास्तरांनाही त्या चेतकवर जागा झाली. अमेरिकेत येऊन कॅमरी घेतली, तेव्हापासून नेवार्क एअरपोर्ट त्याच्या पत्रिकेतच येऊन बसला. कुणाचे सासू-सासरे, कुणाच्या मामेबहिणीचा दीर, प्रत्येकी दोन बॅगा आणि वर लोणच्याची एक बरणी. पुढे आठ सीटांची होंडा ओडिसी आली. आठ सीटांच्या गाडीचा मालक महाराष्ट्र मंडळाचा सभासद राहत नाही, तो मंडळाची मालमत्ता होतो.

मग मियाटा आली. ‘अहो, आलोच असतो, पण काय करणार, गाडीत जागा नाही!’ हे वाक्य तो फोनवर इतक्या चवीनं म्हणतो की ऐकणाऱ्याला श्रीखंडाची आठवण व्हावी. माझं तर मत आहे की इंजिन, रंग, गिअर हे सगळं नंतरचं. त्यानं गाडी घेतली ती या एका वाक्यासाठी. ओडिसी दारातच उभी असते. पण ‘ती हिच्या नावावर आहे’.

गाडीचा इतिहास दोनसीट्यांना तोंडपाठ असतो आणि कुणी विचारला नाही तरी ऐकायला मिळतो. एके काळी असल्या हलक्याफुलक्या उघड्या गाड्या इंग्रजांनी बनवाव्यात: एमजी, ट्रायम्फ, लोटसची एलान. दिसायला राजबिंड्या, पण तेल गाळणार आणि पावसात रुसणार. १९८० मध्ये एमजीबीसुद्धा बंद पडली आणि हा खेळ संपला असं सगळे समजले. तेव्हा माझदानं तीच गंमत पुन्हा बांधायला घेतली. फरक एवढाच की ही रोज सकाळी सुरू व्हायची. १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती लोकांसमोर आली, आणि २०१६ पर्यंत दहा लाख बनवून झाल्या. जगात सर्वांत जास्त खपलेली दोन सीटांची स्पोर्ट्स कार म्हणून गिनीजच्या पुस्तकात तिचं नाव आहे. इथपर्यंत पाहुण्यांचा चहा संपलेला असतो. मग कुणीतरी ‘हॉर्सपॉवर किती?’ विचारतं आणि दोनसीट्यांचा आवाज एकदम उतरतो. १.६ लिटरचं इंजिन, एकशे सोळा. ‘ओडिसीत याच्या दुपटीहून जास्त आहे,’ अशी माहिती स्वयंपाकघरातून येते.

पण वजन जेमतेम टनभर, चाकं मागची फिरणारी, गिअर हातानं टाकायचे. त्यामुळे चाळीस मैलांच्या वेगातही नव्वदचा आनंद मिळतो आणि पोलिसाला काही कळत नाही. टप हातानंच उघडायचा: दोन खटके सोडायचे, मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीची चेन ओढायची आणि एका हातानं सगळं मागे लोटायचं. चेन विसरली की प्लॅस्टिकला कायमची घडी पडते. थंडीत तर ते तडकतंच. नोव्हेंबरमध्येही दोनसीटे टप उघडाच ठेवतात. पायांवर हीटर पूर्ण सोडलेला, डोक्यावर कानटोपी. म्हणजे वर महाबळेश्वर आणि खाली नागपूर. शेजारच्या सीटवर वहिनी, स्कार्फमध्ये फक्त डोळे दिसतील एवढ्या. समोरून दुसरी मियाटा आली की दोन्ही ड्रायव्हर हात हलवतात, दिवे मिटून उघडतात. वीस वर्षांत शेजारच्या घरवाल्यानं कधी ‘हाय’ केलं नव्हतं; आता सगळं राज्य ओळखीचं झालं. ‘कोण होते ते?’ वहिनी विचारतात. ‘मला काय माहीत?’ दोनसीटे आनंदानं सांगतात.

आई सांगलीहून आल्या तेव्हा त्यांनाही फेरी झाली. बसताना एक माणूस लागला, उठवताना दोन. बाहेर आल्यावर आई एवढंच म्हणाल्या, ‘पैसे देऊन जमिनीवरच बसायचं होतं, तर आपला पाट काय वाईट होता?’

एवढ्यावर भागलं असतं, पण या माणसाला ट्रॅक लागतो. मिलव्हिलला २००८ पासून न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्क आहे. तिथला थंडरबोल्ट सव्वादोन मैलांचा. कनेटिकटात लाइम रॉक आहे, १९५७ चा जुना, दीड मैलाचा. तिथे कोर्टाच्या हुकमामुळे रविवारी शर्यती होत नाहीत. त्यामुळे दोनसीट्यांना दोनदा फायदा होतो: रविवारी कुटुंबवत्सल, शुक्रवारी आजारी.

दोनसीटे जातात त्या दिवशी शर्यत नसतेच मुळी. शिकाऊ लोकांनी आपापली गाडी पळवून बघायची, शेजारी प्रशिक्षक, बक्षीस नाही, नंबर नाही. हे दोनसीट्यांनी घरी दहादा सांगितलेलं असतं आणि स्वतः एकदाही मानलेलं नसतं. सकाळी तपासणी. गाडीतलं सुटं सगळं बाहेर काढायचं: छत्री, नाणी, वहिनींची बडीशेपेची डबी. डॅशबोर्डवरचा गणपती तपासनिसानं दोन्ही हातांनी ओढून पाहिला. हलला नाही. पास. मग उघड्या गाडीसाठी खास परीक्षा: मागच्या रोल बारपासून पुढच्या काचेपर्यंत काठी आडवी धरायची आणि हेल्मेट तिच्या खाली राहायला हवं. सहा फुटी अमेरिकन एकामागून एक मान चेपून, पाठ वाकवून केविलवाणे होतात. दोनसीटे ताठ बसतात आणि वर चार बोटं शिल्लक. पाच फूट पाच इंचांचा त्यांना आयुष्यात झालेला हा पहिला फायदा.

प्रशिक्षक निम्म्या वयाचा. तो सांगतो, जिथे बघाल तिथे गाडी जाईल. दोनसीटे त्याच्याकडे बघतात. ‘माझ्याकडे नको!’ तो ओरडतो.

एका बाबतीत मात्र आपला माणूस पहिल्या दिवसापासून तयार असतो. शिकाऊ गटात मागच्या गाडीला वाटेल तिथून पुढे घुसता येत नाही. पुढच्यानं सरळ रस्त्यावर हात बाहेर काढून ‘या बाजूनं जा’ अशी खूण केली, तरच जायचं. अमेरिकन मंडळींना हे दिवसभर जमत नाही; हात काढला की स्टिअरिंग सुटतं, स्टिअरिंग धरलं की हात विसरतो. दोनसीटे पुणे-सांगली एसटीत खिडकीशी बसून वाढलेले. ट्रकवाल्याचा तो कोपरापासून लोळणारा, अर्धा परवानगीचा, अर्धा उपकाराचा हात त्यांच्या रक्तातच आहे. त्यांनी पोर्शला हात दिला, कॉर्व्हेटला दिला. सरळ रस्त्यावर सगळे भुर्रकन गेले. पण वळण आलं की त्या अवजड गाड्या ब्रेकवर उभ्या राहायच्या, आणि ही टनभराची पोर त्यांच्या शेपटाला. शेवटी एका पोर्शवाल्यानं, कंटाळून का होईना, हात बाहेर काढला. ही गोष्ट पुढे प्रत्येक पॉटलकला पुरणपोळीआधी वाढली जाते. ‘पोर्शवाल्यानं मला हात दाखवला!’ कोणता, हे वहिनी विचारतात.

गाडी फिरलीही. उतारावरच्या वळणात वेग जास्त वाटला, दोनसीट्यांनी घाबरून अॅक्सिलरेटर सोडला. तसा सोडला की वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची हलकी होतात आणि मागचा भाग पुढे यायला निघतो. क्लच-ब्रेक दोन्ही दाबून ते गवतात थांबले, तोंड आलेल्या दिशेला. काळा झेंडा, पिटमध्ये बोलावणं, काय झालं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं. घरी अहवाल आला: ‘एके ठिकाणी जरा वळून बघितलं.’ दिवसाच्या शेवटच्या सावकाश फेरीत झेंडेवाल्यांना हात हलवून आभार मानायची पद्धत आहे. दोनसीट्यांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला. प्रशिक्षकानं स्टिअरिंग धरलं.

परतताना टर्नपाइकवर त्यांच्याइतका गरीब ड्रायव्हर नाही. उजवी लेन, पंचावन्न मैल. एखादं पोरगं सिव्हिक गुरगुरवत बाजूला येतं, तर हे त्याला सिग्नल देऊन वाट करून देतात. ज्याला वेग खरोखर पाहायला मिळाला आहे, तो रस्त्यावर कशाला कुणाशी भांडेल? विम्याच्या बिलातही हे कुठेतरी लिहायला हवं. पण विमेवाले ट्रॅकचं नाव काढलं की फोनच ठेवतात.

गेल्या गणपतीच्या आधी मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा फोन आला. दोनसीट्यांनी चव घेत वाक्य सुरू केलं, ‘आलो असतो हो, पण गाडीत...’

‘दोनच सीटा आहेत ना? तेच हवंय. बाकीच्यांच्या गाडीत पोरं असतात, गेल्या वर्षी सोंडेला धक्का लागला. मूर्ती तुम्हीच आणा.’

मूर्ती शेजारच्या सीटवर बसली, पट्टा लावला, टप उघडा. डॅशबोर्डवर एक, शेजारी एक. मंडळाचा हॉल आठ मैलांवर. दोनसीटे वीसच्या वेगानं, दिवे लुकलुकवत निघाले. मागे ओडिसीत वहिनी, त्यांच्यामागे निम्मं एडिसन. आणि हे डावा हात बाहेर काढून एकेकाला पुढे जायला सांगताहेत. बस गेली, कचऱ्याचा ट्रक गेला. शेवटी एका सायकलवाल्यालाही त्यांनी हात दिला, आणि तोही गेला.