धाकटे इनामदार

आमच्या शाळेत टिळक पुण्यतिथीला, म्हणजे 1 ऑगस्टला, हस्तलिखिताचं प्रकाशन व्हायचं. नववीत मराठीच्या बाईंनी फर्मान काढलं, की यंदा रहस्यकथा हवी आणि ती चौघांनी मिळून लिहायची. का, तर सहकार्याची सवय लागते. टिळक-आगरकरांनी 1881 साली मिळून ‘केसरी’ सुरू केला आणि 1888 मध्ये आगरकरांनी वेगळा ‘सुधारक’ काढला, हे आम्हाला इतिहासात शिकवून झालं होतं. पण बाई मराठीच्या होत्या.

पहिल्या भागात जोश्याने वाडा, अमावास्या, कंदील, घुबड, सगळा माल एकदम खपवला. दुसऱ्यात मी इनामदारांना विहिरीपाशी मारलं. दीड पान गेलं, लवकर मरेनात. तिसरा भाग शिंदेचा. त्याने माझा वाचलाच नव्हता. त्याचे इनामदार सकाळी ओटीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते.

“अरे, मेलेत ते!”

“माझ्यात नाही मेलेले,” शिंदे शांतपणे म्हणाला.

देशपांडेने शेवटी अख्ख्या गावाकडून वृक्षारोपण करवून घेतलं, कारण सामाजिक संदेश असला की बक्षीस मिळतं, असं त्याच्या ताईचं मत होतं. खुनी कोण, हे कुणीच लिहिलं नव्हतं. ज्याला त्याला वाटलं, ते पुढच्याचं काम.

हे सगळं कुलकर्णीकडे गेलं. ती लेखिका नव्हती, तिचं अक्षर चांगलं होतं. हस्तलिखितात खरी सत्ता अक्षराची. संपादक मंडळ फोटोपुरतं. ड्रॉइंग पेपरवर पेन्सिलीच्या पुसट रेघा आखायच्या, काळ्या शाईने लिहायचं, वाळलं की रेघा खोडरबराने अलगद पुसायच्या. त्या खोडरबराखाली आणखी काय काय जायचं, देव जाणे. आठवीतल्या एका कवीचं शेवटचं कडवं पानात मावेना, म्हणून तिने ते गाळलं. कविता या वेळी फार सुधारली, असं बाई म्हणाल्या.

आमच्या कथेत तिने सुपारी कातरणाऱ्या इनामदारांच्या आधी फक्त ‘धाकटे’ घातलं. झालं! थोरला भाऊ विहिरीत आणि हा दुसऱ्या दिवशी सुपारी कातरतोय, म्हणजे खुनी दुसरा कोण असणार? वृक्षारोपण जागेअभावी गेलं.

प्रकाशनाला आलेले पाहुणे म्हणाले, “त्या धाकट्याचा मला सुरुवातीपासूनच संशय होता.” शिंदेने उभं राहून नमस्कार केला. कथेखाली आम्हा चौघांची नावं होती, अगदी बारीक. कुलकर्णीचं शेवटच्या पानावर, ‘सुलेखन’ या शब्दाखाली, दुप्पट जाड टाकाने.