कबुतर सर्वांत शेवटी आणावे

रंगमंचावर उभे राहून जादू करायची, तर आधी नाव ठरवावे. हातचलाखी मागाहूनही शिकता येते. नावापुढे ‘जादूगार’ किंवा ‘प्रोफेसर’ लावायला कुठल्याही विद्यापीठाची परवानगी लागत नाही. पुण्याच्या रघुनाथ भोपळ्यांनी ‘जादूगार रघुवीर’ हे नाव घेतले, आणि ते मुलाला व नातवालाही पुरले. तेव्हा नाव निवडताना नातवंडांचा विचार व्हावा.

मग पोशाख. प्रसिद्ध जादूगार पी. सी. सरकार महाराजांच्या थाटात उभे राहत. आपली शेरवानी भाड्याची असली तरी चालेल, पण आत खिसे हवेत, आणि कुठल्या खिशात काय आहे ते घामाघूम झाल्यावरही आठवायला हवे.

सराव आरशापुढे करण्याची प्रथा आहे. तिच्यात एक गोम आहे. नेमकी वस्तू लपवण्याच्या क्षणी आपले डोळे आपोआप मिटतात आणि ‘कुणाला काही दिसले नाही’ अशी आपली खात्री पटते. म्हणून मोबाइलवर चित्रण करावे. मोबाइल भिडस्त नसतो. शिवाय लक्षात ठेवावे, की प्रेक्षक हाताकडे पाहत नाहीत. जादूगार जिकडे पाहतो, तिकडे पाहतात. नाणे डाव्या मुठीत असेल तर उजवीकडे कौतुकाने बघावे. विनोद सांगावा, आणि लोक हसत असतानाच काय ते उरकावे. त्यासाठी विनोद चांगला असावा लागतो. ही अट अनेकांना जड जाते.

सुरुवातीला रुमाल, दोरी, कड्या पुरेत. रिकामा केलेला लोटा दर थोड्या वेळाने पुन्हा पाण्याने भरतो, तो ‘वॉटर ऑफ इंडिया’ हा प्रयोगही उत्तम, मात्र पाणीकपात असलेल्या सोसायटीत करू नये. कार्यक्रम संपल्यावर लोक बादल्या घेऊन येतात. बंदुकीची गोळी झेलण्याचा मोह आवरावा. चिनी म्हणून मिरवणारा अमेरिकन जादूगार चुंग लिंग सू १९१८ मध्ये लंडनला त्यातच गेला.

माणूस कापायचाच असेल, तर वेळेचे गणित पक्के हवे. १९५६ मध्ये सरकारांनी बीबीसीवर गोल करवतीने एका मुलीला कापले आणि नेमका तिथेच कार्यक्रम संपला. मुलगी मेली असे समजून प्रेक्षकांनी फोनचा भडिमार केला. आपल्याकडे धोका उलटा असतो: कार्यक्रम संपतच नाही. कापण्याच्या आणि जोडण्याच्या मध्ये प्रमुख पाहुण्यांचे भाषण घुसणार नाही, एवढे सूत्रसंचालकाकडून कबूल करून घ्यावे.

गणेशोत्सवाच्या मंडपाची खरी अडचण म्हणजे तो तिन्ही बाजूंनी उघडा असतो. निम्मी पोरे स्टेजच्या कडेला लोंबकळत असतात आणि त्यांना तुमची पाठ दिसते. शक्यतो मागे पडदा मागून घ्यावा. तरीही पुढच्या रांगेत एक मुलगा असतोच. “काका, त्या हातात आहे!” असे तो ओरडतो, आणि त्याचे म्हणणे बहुधा बरोबर असते. त्याच्याशी वाद घालू नये. त्याला मोठ्या मानाने स्टेजवर बोलवावे, ‘सहायक’ म्हणावे आणि दोन्ही हातांनी धरायला लागेल अशी एखादी निरुपयोगी पेटी द्यावी. जबाबदारी मिळाली की माणसाचे तोंड बंद होते. मोठ्यांनाही हाच उपाय लागू पडतो.

कबुतर सर्वांत शेवटी. ते बहुधा कबुतर नसून पांढरा होला असतो. लहान चणीचा, शांत, कोटात मावणारा. त्याला रोज दाणापाणी लागते, पिंजरा धुवावा लागतो, आणि ज्या गॅलरीला आपण कबुतरांसाठी जाळी मारली, तिथेच त्याला ठेवायचे हे घरच्यांना पटवावे लागते. याआधीचे सर्व प्रयोग यापेक्षा सोपे आहेत.

आणि मानधन प्रयोगाआधीच घ्यावे. हवेतून नाणी काढणाऱ्याला नंतर पैसेही द्यायचे असतात, हे मंडळाच्या लक्षात राहत नाही.