विधेयकाचा नंबर सांगा

गेल्या रविवारी आमच्या मंडळाची संक्रांतीची बैठक झाली. उत्तर व्हर्जिनियातल्या एका घराच्या बेसमेंटमध्ये आम्ही चौदाजण बसलो होतो. तिळगूळ किती किलो, हॉलची किल्ली किती वाजता मिळणार, गुळाच्या पोळ्या कोण करणार, कुणाच्या मुलाला शेंगदाणा चालत नाही, सगळं एका एक्सेल शीटमध्ये होतं. झालेलं काम हिरवं, राहिलेलं लाल. अडीचशे माणसांचं जेवण त्या शीटवर बिनचूक पार पडतं, दरवर्षी.

चहा आला तेव्हा मी विचारलं, "असॉल्ट रायफलींवर बंदी घालणारं ते विधेयक होतं ना, त्याचं पुढे काय झालं?" एकजण म्हणाला, झालं की पास. दुसरा म्हणाला, गव्हर्नरनं अडवलं. तिसऱ्याच्या मते प्रकरण कोर्टात होतं. विधेयकाचा नंबर एकालाही सांगता आला नाही. आपल्या भागाचा डेलिगेट, म्हणजे आपल्या भाषेत आमदार, कोण हे तिघांना ठाऊक होतं.

माझ्या शेजाऱ्याला हाच प्रश्न विचारला असता तर त्यानं झोपेतून उठून उत्तर दिलं असतं. निवृत्त प्लंबर, थंडी पडली की हरणांच्या शिकारीला जाणारा, माझ्या मुलीला सायकल दुरुस्त करून देणारा माणूस. २०२० च्या जानेवारीत त्याच्या कोटावर नारिंगी रंगाचा गोल स्टिकर होता, बंदुका जीव वाचवतात असं सांगणारा. कुंपणाशी उभं राहून त्यानंच मला विधेयक वाचायला शिकवलं. व्हर्जिनियात विधेयक छापताना चालू कायद्यातले जे शब्द काढायचे त्यांच्यावर आडवी रेघ मारतात आणि जे नवे घालायचे ते तिरप्या अक्षरांत देतात. "तिरपी अक्षरं आधी वाच," तो म्हणाला, "भांडण तिथे असतं." ते विधेयक होतं एचबी ९६१. असॉल्ट रायफली आणि बारापेक्षा जास्त गोळ्यांची मॅगझिन यांच्या विक्रीवर बंदी. त्याला त्यातली तिरपी अक्षरं जवळजवळ पाठ होती.

मी त्याच्या विरुद्ध बाजूचा आहे, हे सरळ सांगतो. कारणही सांगतो.

१६ एप्रिल २००७ ला ब्लॅक्सबर्गला व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले. त्यात मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगी होती आणि तमिळनाडूतून येऊन तिथे वर्षानुवर्षं शिकवणारे एक प्राध्यापक होते. मारेकरी तिथलाच विद्यार्थी. २००५ च्या डिसेंबरात न्यायालयानं त्याच्यापासून त्याच्याच जिवाला धोका आहे असं ठरवून त्याला उपचार घ्यायचा आदेश दिला होता. केंद्राच्या कायद्याप्रमाणे अशा माणसाला बंदूक विकता येत नाही. पण आदेश इस्पितळात दाखल होण्याचा नव्हता, बाहेरून उपचार घेण्याचा होता, आणि तसल्या आदेशाची नोंद तपासणीच्या यादीत पाठवायची राज्याची पद्धत नव्हती. म्हणून दुकानदारानं नाव तपासलं तेव्हा यादी कोरी निघाली. एक पिस्तूल त्यानं फेब्रुवारीत घेतलं, दुसरं मार्चमध्ये. मधे महिना गेला, कारण १९९३ पासून व्हर्जिनियात महिन्याला एकच पिस्तूल विकत घेता येत होतं.

एका नोंदीची फट. तीही गोळीबारानंतर दोन आठवड्यांत तेव्हाचे गव्हर्नर टिम केन यांनी आदेश काढून बुजवली. दोन आठवड्यांत बुजवता येणारी फट आधी कुणीच का बुजवली नाही? कारण तिच्याकडे कुणी पाहतच नव्हतं. आणि महिन्याला एक पिस्तुलाचा नियम? तो २०१२ मध्ये, त्या घटनेला पाच वर्षं पुरी होण्याआधीच, रद्द झाला. मृतांच्या घरच्यांनी गव्हर्नरकडे विनवण्या केल्या होत्या. सही झाली.

अशी ही लढाई आहे. माणसं मरतात तेव्हा आपण मेणबत्त्या लावतो आणि महिन्याभरात विसरतो. समोरचा गट उपसमितीची वेळ लिहून ठेवतो. व्हर्जिनिया सिटिझन्स डिफेन्स लीग ही त्यांची संघटना १९९४ पासून हेच करत आली आहे. अधिवेशन सुरू झालं की बंदुकीशी संबंध असलेल्या प्रत्येक विधेयकाची यादी, कोणाला पाठिंबा, कोणाला विरोध, सुनावणी कुठल्या दिवशी, कुणाला फोन करायचा, सगळं सदस्यांपर्यंत पोचतं. नॅशनल रायफल असोसिएशनचं मुख्यालय आमच्याच फेअरफॅक्स काउंटीत आहे, आय-६६ महामार्गाला लागून. आमच्यातले कितीतरीजण रोज त्याच्यावरून कामाला जातात. पण माझा शेजारी त्या इमारतीच्या जोरावर उभा नाही. तो विधेयकांचे नंबर आणि सुनावणीच्या वेळा लिहून ठेवलेल्या आपल्या वहीच्या जोरावर उभा आहे.

२०१९-२० चं वर्ष आठवा. ३१ मे २०१९ ला व्हर्जिनिया बीचच्या पालिका इमारतीत १२ जण मारले गेले. गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांनी ९ जुलैला विशेष अधिवेशन बोलावलं. ते दीड तासात गुंडाळलं गेलं. रिपब्लिकन बहुमतानं सगळी विधेयकं राज्याच्या क्राइम कमिशनकडे अभ्यासाला पाठवली. नोव्हेंबरात कमिशनचा त्रोटक अहवाल आला, त्यात शिफारस एकही नव्हती. त्याच महिन्यात मतदारांनी दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांच्या हाती दिली, दोन दशकांहून जास्त काळानंतर. आम्हाला वाटलं, काम झालं.

समोरच्यांचं काम तेव्हा सुरू झालं. बहुतेक काउंट्यांच्या मंडळांनी ठराव केले की घटनाबाह्य वाटतील असे बंदूक कायदे आम्ही इथे राबवू देणार नाही. त्या ठरावांना कायद्याचं बळ नव्हतं, पण एकेका गावच्या सभेला शेकड्यांनी माणसं येत होती. मग २० जानेवारी २०२०, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी. राज्याच्या राजधानीत, रिचमंडला, सुमारे २२ हजार माणसं जमली. कॅपिटॉलच्या, म्हणजे विधानभवनाच्या, आवारात हत्यारबंदी होती, बाहेरच्या रस्त्यांवर नव्हती. तिथे खांद्याला रायफली लावलेली माणसं उभी होती. गोळी एकही सुटली नाही, हे खरं. पण त्याच दिवशी दरवर्षी होणारी बंदुकीच्या बळींसाठीची श्रद्धांजली सभा रद्द करावी लागली, हेही खरं. विद्यार्थ्यांचा एक लहान गट आदल्या रात्री दोन आमदारांच्या कार्यालयात झोपायला गेला, म्हणजे सकाळी गर्दीतून वाट काढावी लागू नये. रायफल खांद्यावर टाकून लोकप्रतिनिधीला भेटायला येणं याला मी संवाद म्हणणार नाही. ज्याच्या घरचं माणूस गोळीनं गेलंय त्यानं त्या रस्त्यावरून चालत जाऊन आपलं म्हणणं कसं मांडायचं?

आणि तरीही, एचबी ९६१ रायफलींनी पाडलं नाही. ते ११ फेब्रुवारीला खालच्या सभागृहात ५१ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झालं. १७ फेब्रुवारीला, एका सोमवारी, सिनेटच्या न्याय समितीपुढे आलं. पंधरा सभासद. दहा विरुद्ध पाच मतांनी ते पुढच्या वर्षावर ढकललं गेलं. सहा रिपब्लिकनांबरोबर चार डेमोक्रॅटांनी मत दिलं. विधिमंडळाच्या नोंदीत ही एवढी मोठी गोष्ट एका ओळीत आहे. आणि विधेयक अभ्यासाला कुणाकडे गेलं? त्याच क्राइम कमिशनकडे. जुलैत ज्या कपाटात रिपब्लिकनांनी विधेयकं ठेवली, फेब्रुवारीत त्याच कपाटात डेमोक्रॅटांनी ठेवलं. पुढच्या वर्षी ते बाहेर निघालं नाही.

त्या चौघांना महिनाभर समोरच्यांचे किती फोन गेले असतील याचा अंदाज मला आहे, कारण एक फोन माझ्या शेजाऱ्यानं माझ्यासमोर केला होता. नाव, पत्ता, विधेयकाचा नंबर, विरोध, धन्यवाद. दीड मिनिट. आमच्या बाजूनं, आमच्या मंडळातून, माझ्या माहितीत एकही फोन गेला नाही. मीही केला नाही. मत दिलं होतं ना, असं मला वाटत होतं.

शेजाऱ्याची बाजू पोकळ नाही. तो वाढला नैर्ऋत्येच्या डोंगराळ भागात, जिथे शेरीफला बोलावलं तर गाडी यायला पाऊण तास लागतो. शस्त्र बाळगण्याचा हक्क देशाच्या घटनेत १७९१ पासून आहे, व्हर्जिनियाच्या घटनेत १९७१ पासून. त्याची भीती एवढीच की आज यादी कराल, उद्या दारात याल. त्या वर्षी काही कायदे झालेच: बंदूक विकताना प्रत्येक वेळी खरेदीदाराची पूर्वतपासणी, स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असलेल्या माणसाकडची बंदूक न्यायालयाच्या आदेशानं काही काळ काढून घेण्याची सोय, हरवलेल्या बंदुकीची खबर ४८ तासांत देणं, आणि महिन्याला एक पिस्तुलाचा तो जुना नियम पुन्हा. १ जुलै २०२० पासून ते लागू झाले. शेजाऱ्याच्या कपाटातली एकही बंदूक गेली नाही. मी त्याला तसं म्हणालो. तो म्हणाला, "आम्ही उभे होतो म्हणून." मला ते पटत नाही, पण तो उभा होता हे मला नाकारता येत नाही.

नंतरचं सगळ्यांना माहीत असायला हवं, पण सांगतो. असॉल्ट रायफलींवरची बंदी २०२४ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाली. गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी २६ मार्चला एका दिवसात बंदुकीसंबंधीची ३० विधेयकं नकाराधिकार वापरून परत पाठवली, त्यात ती होती. २०२५ मध्ये पुन्हा मंजूर, पुन्हा नकार. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ॲबिगेल स्पॅनबर्गर गव्हर्नर म्हणून निवडून आल्या आहेत. हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून सिनेटच्या अध्यक्षस्थानी बसतील. खालच्या सभागृहात डेमोक्रॅटांच्या १०० पैकी ६४ जागा. बैठकीत एकजण म्हणाला, "मग आता काय, होईलच." २०१९ च्या नोव्हेंबरात आपण हेच वाक्य म्हटलं होतं.

आपल्याला हे काम येत नाही असं कुणी म्हणू नये. शाळांच्या हद्दी बदलणार अशी कुणकुण लागली तेव्हा आपल्यातल्या आयांनी नकाशे छापले, बसच्या वेळांचे तक्ते केले, स्कूल बोर्डापुढे रात्री अकरापर्यंत रांगा लावून बोलल्या. घराच्या किमतीचा प्रश्न असला की आपण दीडशे पानांचे नियम वाचून काढतो. त्याच शाळेत आपली मुलं दिवे बंद करून, भिंतीला टेकून, एक शब्द न बोलता बसायचा सराव करतात. माझी मुलगी पहिलीत होती तेव्हा तिनं घरी येऊन सांगितलं की तिचे बूट चालताना लुकलुकतात म्हणून बाईंनी ते काढून कपाटात ठेवायला लावले. त्या बुटांसाठी मी कुठल्या रांगेत उभा राहिलो? कुठल्याच नाही.

मत द्यायला नागरिकत्व लागतं. समितीपुढे बोलायला ते कुणी विचारत नाही, आणि आता घरबसल्या व्हिडिओवरूनही बोलता येतं. एच-वन बी व्हिसावर असलेल्या माणसाचं मूलसुद्धा त्याच वर्गात बसतं.

२०२६ चं अधिवेशन १४ जानेवारीला सुरू होतंय, साठ दिवसांचं. १९ तारखेच्या सोमवारी किंग यांची सुट्टी आहे, आपलं हळदीकुंकू त्याच्या आदल्या दिवशी. माझा शेजारी त्या सोमवारी रिचमंडला जाणार आहे, गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत असंही त्यानं कुणाला तरी सांगितलंय. मीही जाणार आहे, माझ्या गाडीनं, माझ्या बाजूचं बोलायला. मंडळाच्या शीटमध्ये मी तिळगुळाच्या पानाशेजारी एक नवं पान जोडलंय: विधेयकाचा नंबर, समिती, तारीख, आपला आमदार, आपला सिनेटर, फोन केला का. शेवटचा रकाना सगळा लाल आहे. आपापल्या नावासमोरचा भरा.