तीन महिन्यांचा सामोअन

सामोआत वीस वर्षं काढलेल्या परदेशी माणसाला तिथल्या चालीरीतींबद्दल काही विचारलं, तर तो हसतो आणि विषय पावसावर नेतो. आठवडाभराच्या पाहुण्याला विचारलं, तर तो समुद्राचे फोटो दाखवतो. सगळं काही सांगतो तो तीन महिन्यांचा. भाषा, बस, कुत्री, पाद्री, मासळी, मयताच्या घरी काय न्यावं, कशावरही त्याचं मत तयार असतं. ते ऐकून घेणारा कुणी नवा माणूस फालेओलो विमानतळावर कधी उतरतो, याची तो वाट पाहत असतो.

हा गृहस्थ बहुधा न्यूझीलंडचा किंवा ऑस्ट्रेलियाचा. कुणी शाळेत शिकवायला आलेला, कुणी एखाद्या प्रकल्पाचा सल्लागार, कुणी दोन वर्षांचा स्वयंसेवक. सामोअन लोक या सगळ्यांना सरसकट ‘पालाङी’ म्हणतात. यातला ‘ङ’ नीट म्हणावा. मराठी माणूस तो लहानपणी पाटीवर गिरवतो आणि पुढे जन्मभर ‘वाङ्मया’साठी राखून ठेवतो; सामोअनमध्ये मात्र तो दर दोन वाक्यांआड लागतो. रोमन लिपीत ते लोक त्यासाठी नुसतं ‘जी’ हे अक्षर लिहितात. त्यामुळे शेजारच्या अमेरिकन सामोआतलं गाव जगभरचे लोक ‘पागो पागो’ वाचतात आणि आपला गृहस्थ समोरच्याला मध्येच थांबवून ‘पाङो पाङो’ असं दुरुस्त करतो. ही दुरुस्ती तो स्वतः आल्यानंतर चौथ्या दिवशी शिकलेला असतो.

त्याची हमखास खूण म्हणजे ‘आम्ही’. ‘आम्ही २००९ साली सगळ्या गाड्या रस्त्याच्या उजवीकडून डावीकडे आणल्या,’ तो सांगतो. गोष्ट खरी आहे. ७ सप्टेंबर २००९ ला सामोआने बाजू बदलली. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या नातेवाइकांना जुन्या गाड्या घरी धाडता याव्यात, हे त्यामागचं रोखठोक कारण. गोंधळ नको म्हणून लोकांना सुट्टी दिली आणि दारूची विक्री बंद ठेवली. ‘आणि २०११ साली आम्ही एक अख्खा शुक्रवारच गाळला!’ हेही खरं. गुरुवारी २९ डिसेंबरच्या रात्री लोक झोपले ते शनिवारी ३१ तारखेला उठले. व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी आणि वार मात्र त्यांच्या एक दिवस मागे, ही अडचण देशाने तारीखरेषेची बाजू बदलून सोडवली. १८९२ साली अमेरिकेशी व्यापार जोरात होता, तेव्हा याच्या नेमकं उलट करून ४ जुलै दोनदा साजरा झाला होता. अमेरिकन सामोआ अजून रेषेच्या पलीकडेच आहे, त्यामुळे आपियाहून शनिवारी सकाळी निघालेलं विमान थोड्याच वेळात तिथे शुक्रवारी उतरतं. २००९ आणि २०११ च्या या घडामोडी झाल्या तेव्हा आपला गृहस्थ हॅमिल्टनमध्ये शाळेत जात होता. पण ‘आम्ही’ काही सुटत नाही.

त्याच्या खिशात एक वही असते. पहिल्या पानावर ‘तालोफा’ म्हणजे नमस्कार, ‘फाआफेताई’ म्हणजे आभार, ‘फाआमोलेमोले’ म्हणजे कृपया, आणि बसलेल्या मंडळींसमोरून कमरेत वाकून जाताना म्हणायचं ते ‘तुलोऊ’. कुत्र्यासाठी ‘हालू!’ आपियातली भटकी कुत्री हा तिथल्या प्रत्येक नवख्याचा पहिला धडा. दगड उचलल्याचं नाटक करायचं आणि ‘हालू!’ म्हणून ओरडायचं. एकदा घाईत वहीतली ओळ चुकली आणि गृहस्थ कुत्र्याला ‘फाआमोलेमोले’ म्हणाला. कुत्र्याने विनंतीचा विचार केला आणि पोटरी धरली.

एवढ्या शब्दांवर पहिले पंधरा दिवस झकास जातात. मग त्याच्या कानावर पडतं, की लोक आपसात काही निराळंच बोलतात. सामोअन बोलायच्या दोन तऱ्हा आहेत. चर्चमध्ये, शाळेत, रेडिओवर, लिहिताना आणि परक्यांशी बोलताना ‘त’. घरात, बाजारात, दोस्तांत त्याच जागी ‘क’. पोरगा बाहेर ‘तामा’ असतो, तो घरात शिरला की ‘कामा’ होतो. ‘न’चा ‘ङ’ होतो, त्यामुळे पोरगी ‘तेइने’ची ‘केइङे’ होते. पहिल्या तऱ्हेला चांगलं बोलणं आणि दुसरीला वाईट बोलणं, असंच तिथे म्हणतात. गृहस्थाने हिशेब केला: खरे लोक ‘क’ बोलतात, तेव्हा आपण ‘क’ बोललो की आपण घरचे. पुढच्याच रविवारी चर्चच्या पायरीवर त्याने पाद्रीबुवांना ‘फाआफेकाई’ ठोकलं. पाद्रीबुवांनी उत्तर दिलं ते स्वच्छ ‘त’मध्ये आणि अगदी सावकाश, बालवर्गात देतात तसं. परक्याच्या तोंडी ‘क’ लोकांना उर्मट तरी वाटतो, नाहीतर विनोदी. मग त्याने वहीत नियम लिहिला: ‘त’ औपचारिक, ‘क’ घरगुती. त्याच आठवड्यात त्याला गावच्या सभेला, म्हणजे ‘फोनो’ला, बसायला मिळालं. तिथे मातई, म्हणजे घराण्यांचे पदवीधारी प्रमुख, अतिशय औपचारिक, अलंकारिक, वंशावळींनी भरलेली भाषणं करत होते. सगळी ‘क’मध्ये. वहीच्या त्या पानावर मोठी फुली आहे.

आदरार्थी शब्दांत तर तो पुरता घसरला. ‘जेवलास का’ आणि ‘जेवलात का’ यातला फरक मराठी माणसाला कळतो. सामोअनमध्ये प्रत्यय बदलून भागत नाही, शब्दच निराळा. आपलं खाणं ‘आइ’, मातईंचं ‘ताउसामी’. ‘ये’ म्हणायचं तर पोराला ‘साऊ’, गावाच्या वतीने भाषण करणाऱ्या मातईंना ‘मालिऊ माई’, त्यांच्या बरोबरीच्या सरदाराला ‘सुसू माई’ आणि फारच थोर असामी असेल तर ‘आफिओ माई’. आपल्या गृहस्थाने एका वयोवृद्ध मातईंना अंगणातून हात हलवून ‘साऊ!’ अशी हाक मारली. ते आले, शांतपणे बसले, चार घास खाल्ले. सामोअन माणूस पाहुण्याचं तोंडावर हसं करत नाही. घरी जाऊन निवांत हसतो. या प्रसंगानंतर दोन-तीन दिवस गावातली पोरं एकमेकांना गंभीर चेहऱ्याने ‘आफिओ माई’ म्हणत होती.

न बोललेली भाषा वहीत नसतेच. दुकानात दूध आहे का, असं त्याने विचारलं. काउंटरमागच्या बाईने भुवया वर केल्या. त्याला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा भुवया वर. तिसऱ्यांदा त्याने ‘दूध’ या शब्दाला हातवाऱ्यांची जोड दिली, त्यांचं वर्णन इथे नको. बाईने पिशवीभर पावडरचे डबे त्याच्यासमोर आदळले. सामोआत भुवया उचलणं म्हणजे ‘हो’. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण ‘कुठं चाललात?’ विचारतो, ते मात्र त्याला फार झोंबतं. सुरुवातीला तो थांबून पत्ता, काम, परतायची वेळ, सगळं सांगत असे. नंतर त्याला ही पाळत वाटू लागली. सांगली-सोलापूरकडच्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर शिकवावं लागत नाही: ‘हे काय, इथंच.’

बसबद्दल त्याचं व्याख्यान पाऊण तासाचं. सामोआच्या बसचा सांगाडा लाकडी, रंग भडक, आतलं संगीत कर्णकर्कश आणि वेळापत्रक चालकाच्या मनात. बस भरली की लोक उभे राहत नाहीत. एकमेकांच्या मांडीवर बसतात. कुणी चढलं की मागची रांग न बोलता सरकते, धाकटे उठतात, थोरले बसतात, धाकटे थोरल्यांच्या मांडीवर जातात आणि हे सगळं गाणं न थांबता होतं. गृहस्थ पहिल्यांदा चढला तेव्हा नव्वदेक किलोंचा एक रग्बीपटू अदबीने ‘तुलोऊ’ म्हणाला आणि त्याच्या मांडीवर स्थानापन्न झाला. बाजारापासून गावापर्यंत. उतरल्यावर गृहस्थाचा डावा पाय आपियातच राहिला होता, पण बोलताना तो म्हणतो, ‘फाआ सामोआ!’

‘फाआ सामोआ’ म्हणजे सामोअन रीत, आणि हा त्याचा रामबाण. बस उशिरा आली, फाआ सामोआ. कार्यालयातली फाइल सापडेना, फाआ सामोआ. छपरातून पाणी गळतं, फाआ सामोआ. वास्तविक त्या रीतीत मातई, जमीन, चर्च, कुटुंबाची देणीघेणी असा मोठा आणि काटेकोर कारभार आहे. गळणाऱ्या छपराशी तिचा काही संबंध नाही.

काटेकोरपणा कळतो तो संध्याकाळी. बऱ्याच गावांत दिवेलागणीला शंख किंवा घंटा वाजते आणि ‘सा’ सुरू होतो. दहा-वीस मिनिटं सगळे घरात, प्रार्थनेला. रस्त्यावर चिटपाखरू नको. तगडे तरुण फुलाफुलांची लुंगी नेसून रस्त्याकडेला पहारा देतात. गृहस्थाने धावायला नेमकी हीच वेळ निवडली होती, कारण रस्ता रिकामा असतो! पहिल्या वळणावर त्याला थांबवलं, दुसऱ्या वळणावर बसवलं. तिथल्या कुटुंबाने त्याला प्रार्थनेत ओढलं, प्रार्थना संपल्यावर कोको पाजला आणि मग जाऊ दिलं. गावचे नियम मोडले तर कुटुंबाला डुकरं किंवा मासळीच्या डब्यांची खोकी दंड भरावी लागतात, हे त्याला नंतर कळलं. यजमानीणबाईंनी ते हसत सांगितलं, पण दोनदा सांगितलं.

रविवारी पहाटेपासून गावावर ‘उमू’चा धूर असतो. तापलेल्या दगडांवर फणसासारख्या ब्रेडफ्रुटचे तुकडे, अळकुड्या, मासे रचून वर केळीची पानं झाकायची आणि चर्चला जायचं. परतल्यावर ‘तोओनाई’, म्हणजे आठवड्यातलं मोठं जेवण. त्यात ‘पालुसामी’ हवीच: अळूची कोवळी पानं, मध्ये नारळाचं दाट दूध, कांदा, मीठ. अळूवडी खाणाऱ्याला हा पदार्थ परका वाटायचं कारण नाही. अळू तोच, नारळ तोच, फक्त बेसन आणि चिंच गैरहजर. चिंच नसते, म्हणून तिथे पानं पुरती शिजणं महत्त्वाचं. गृहस्थाने घरी घाईत करून पाहिली आणि खाई त्याला खवखवे ही म्हण शब्दशः अनुभवली.

जेवणातही एक खोच आहे. पाहुण्याला आधी वाढतात, यजमान समोर बसून माश्या वारतात, पोरं लांबून बघतात. उरेल ते मागाहून घरच्यांनी खायचं. गृहस्थाला आईने शिकवलेलं, पानात काही टाकू नये. तो घाम गाळत सगळं संपवायचा. पोरं त्याला इतकी का निरखतात, हे त्याला दोन महिने उमगलं नाही.

असल्या माणसांची परंपरा मोठी आहे, हेही मान्य करायला हवं. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८९० साली आपियाजवळ वाईलिमाला घर बांधून राहिला, चार वर्षांत तिथेच वारला आणि वाएआ डोंगरावर त्याला पुरलं. त्याने भाषा शिकून घेतली, सामोअन सरदारांची बाजू घेऊन गोऱ्या सत्तांशी भांडला. लोक त्याला ‘तुसिताला’, गोष्टी लिहिणारा, म्हणत. मार्गारेट मीड १९२५ साली अमेरिकन सामोआत आली, वर्ष पुरं व्हायच्या आत परतली आणि १९२८ च्या पुस्तकात तिथल्या मुलींच्या वयात येण्याबद्दल जगाला ज्ञान देऊन मोकळी झाली. १९८३ साली डेरेक फ्रीमनने तिला खोटं पाडणारं पुस्तक काढलं आणि मानववंशशास्त्रज्ञ कित्येक वर्षं भांडत राहिले. आपला गृहस्थ मीडचं नाव तुच्छतेने घेतो. ‘नऊ महिन्यांत काय कळणार?’

त्याची खरी परीक्षा झाली ती यजमानांकडे म्हातारे आजोबा गेले तेव्हा. लग्न, मयत, पदवीदान असं काही निघालं की त्याला ‘फाआलावेलावे’ म्हणतात, आणि मग ऑकलंड-सिडनीपर्यंतच्या नातलगांच्या खिशाला हात लागतो. गृहस्थ काळी लुंगी नेसून, हातात शोकसंदेशाचं सुबक कार्ड घेऊन गेला. अंगणात मासळीच्या डब्यांची खोकी, नोटांची पाकिटं आणि ‘इए तोङा’, म्हणजे केतकीच्या जातीतल्या पानांच्या बारीक पट्ट्यांची, महिनोन् महिने विणलेल्या नाजूक चटया, एकीवर एक येत होत्या. याच विणकामाची नोंद २०१९ साली युनेस्कोने वारशाच्या यादीत केली. कुणी काय आणलं ते वक्ते खणखणीत आवाजात जाहीर करत होते. गृहस्थाची पाळी आली. वक्त्याने कार्ड उघडलं, उलटंपालटं करून पाहिलं, आत नोट नाही याची खात्री केली आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता पालाङीच्या घराण्याचे लांबलचक आभार मानले. निघताना रिवाजाप्रमाणे पाहुण्याच्या हातावर परतीच्या भाड्याचे पैसे ठेवले आणि मासळीच्या डब्यांचं एक खोकं त्याच्या खांद्यावर चढवलं. कार्ड देऊन खोकं घेऊन आलेला तो त्या दिवशीचा एकमेव पाहुणा.

हा प्रसंग तो कुणाला सांगत नाही. सांगतो ते एवढंच, की ‘फाआलावेलावेला आम्ही पैसे नेतो, कार्ड नेत नाही.’

फालेओलोवर तो तुम्हाला गाठेलच, तेव्हा त्याच्याबरोबर टॅक्सीत बसायला हरकत नाही. आपियापर्यंतचं अंतर बरंच आहे आणि भाडं निम्मं होईल. मात्र तुम्ही पुढच्या सीटवर बसा आणि विचारायचं ते ड्रायव्हरला विचारा. आणि शक्यतो रविवारी उतरू नका, बहुतेक दुकानं बंद असतात.