लहरी एसी: नवशिक्यांसाठी पाठ पहिला

साहित्य: सात-आठ वर्षं वापरलेली गाडी, शंभर पानी वही, पेन, बॅटरी आणि बटण दाबायला घरातलं एक माणूस. "मी तेव्हाच सांगत होते" असं न म्हणणारं माणूस घरात नसेल, तर शेजारून मागून आणावं.

सर्वप्रथम तापमानाची कळ लाल बाजूला गेलेली नाही ना, हे पाहावं. मागच्या फेरीत पुढच्या सीटवर भाचा बसला होता का, हेही आठवावं. बरेच बिघाड इथेच संपतात आणि त्यांची वाच्यता करायची नसते.

इथे न संपल्यास लगेच गॅरेज गाठू नये. कायमचा बंद पडलेला एसी सोपा. अवघड तो मधूनच बंद पडणारा. मे महिन्यात, भर दुपारी, स्वारगेटच्या सिग्नलला, मागे सासूबाई बसलेल्या असताना तो हमखास रुसतो आणि मेकॅनिकने हात लावला की गारेगार वारा सोडतो. मेकॅनिक आधी एसीकडे बघतो, मग आपल्याकडे, आणि म्हणतो, "गॅस भरून टाकू साहेब." इथे मान डोलवली की पाकीट उघडतं. ती डोलवू नये.

त्याऐवजी वही उघडावी. एसी कधी बिघडला, गाडी उभी होती की पळत होती, निघून किती वेळ झाला होता, वारा कमी झाला की वारा तेवढाच राहून गरम झाला, एवढं लिहावं. "नीट चालत नाही" ही नोंद धरली जाणार नाही.

सिग्नलला गरम आणि एक्स्प्रेसवेवर गार, अशी नोंद असेल तर पुढच्या कंडेन्सरवरचा पंखा संशयित. गाडी पळताना समोरचा वारा पंख्याचं काम फुकट करतो. उभ्या गाडीत ते कुणीच करत नाही, दाब वाढतो आणि कंप्रेसर बंद केला जातो. अर्धा तास उत्तम, मग ब्लोअर घोंघावतोय पण वारा येत नाही, थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा ठीक: कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. दोष बहुधा तापमानाच्या सेन्सरचा किंवा तुंबलेल्या केबिन फिल्टरचा. फिल्टर स्वस्त, म्हणून आधी तो. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो. बाहेर ओढला की मांडीवर पिंपळाची पानं, सोसायटीतल्या बहाव्याच्या वाळक्या पाकळ्या आणि उंदराने कुरतडलेल्या कागदाचा भुगा पडतो. इतके दिवस ज्यातून श्वास घेतला ते हे. घरच्यांना दाखवू नये.

आता पाठातला सर्वात रंजक भाग. सकाळी एसी झकास, दुपारी गाडी तापली की बंद, असं असेल तर बोनेट उघडून, इंजिन चालू ठेवून कंप्रेसरच्या पुलीकडे बॅटरी मारावी. ओढणी, मफलर आणि बोटं पट्ट्यापासून लांब. पुली सतत फिरत असते, तिच्यापुढची चकती स्थिर असते. आतल्या माणसाने बटण दाबलं की "टक" असा आवाज येतो आणि चकती पुलीला चिकटून फिरू लागते. हा क्लच. मधली फट साधारण अर्ध्या मिलिमीटरची. झिजून ती वाढली की तापलेल्या कॉइलचं चुंबक चकती ओढून घेऊ शकत नाही. एसी रुसलेला असताना क्लचच्या वायरला १२ व्होल्ट मिळत असूनही चकती हलली नाही, तर गुन्हेगार सापडला. व्होल्ट मिळतच नसतील तर रिले, प्रेशर स्विच, वायरिंग. पातळ वॉशर काढून फट कमी करण्याचं काम जाणता माणूस थोडक्यात करतो, तरीही अशा गाड्यांत लोक नवा कंप्रेसर बसवून घेतात. काही गाड्यांत हा क्लचच नसतो. त्यांच्या मालकांनी हा परिच्छेद करमणूक म्हणून वाचावा.

डॅशबोर्डमागून टकटक ऐकू आल्यास ती पाल नव्हे. गरम-गार हवेची झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे प्लास्टिकचे दाते तुटलेत. पडद्यावर मात्र २२ अंशच दिसत राहतील, कारण तो आकडा म्हणजे आपण केलेली मागणी.

हीटरला आपल्याकडे कोणी विचारत नाही, पण तो इंजिनाच्या गरम कूलंटवर चालतो. महाबळेश्वरला उभ्या गाडीत तो थंड आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर गरम होत असेल, तर कूलंट कमी आहे किंवा त्यात हवा शिरलीय. ही गोष्ट एसीपेक्षा गंभीर. लगेच बघून घ्यावी. तापलेल्या इंजिनावर रेडिएटरचं झाकण मात्र कदापि उघडू नये.

आता वही घेऊन गॅरेजला जावं आणि बोनेट उघडण्याआधी वाचून दाखवावी. मेकॅनिक तरीही गॅसचंच म्हणाला तर आधी गळती शोधायला सांगा. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळ्यांतून फिरत राहतो. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी भोक आहे. आणि भरलाच, तर किती ग्रॅम भरला ते बिलावर लिहून घ्या. किती लागतो ते बहुतेक गाड्यांत बोनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं.