रेडा द्यायचा नाही

कृषी प्रदर्शनाला पहिल्यांदाच जाणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं की तिथे नावाआधी एकर विचारतात. कोल्हापुरात मेरी वेदर मैदानावरच्या मांडवात शिरलो, तर पहिल्याच स्टॉलवर शिरोळकडच्या आमच्या दाजींना विचारणा झाली, "किती एकर?" दाजी म्हणाले, "दीड." विचारणारा लगेच मागच्या माणसाकडे वळला. पुढच्या स्टॉलवर दाजींनी पंधरा सांगितले. खुर्ची आली, चहा आला, माहितीपत्रकांची पिशवी हातात पडली आणि मोबाईल नंबर वहीत गेला. आता दाजींना भर जेवणात विद्राव्य खतांचे फोन येतात.

फवारणीच्या ड्रोनपाशी तरणी पोरं दाटली होती. 10 लिटरची टाकी, एकराला जेमतेम 10 मिनिटं. बचत गटाच्या बायकांना ड्रोनसाठी केंद्र सरकार 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाख रुपये देतं. दाजींची अडचण निराळी. वाटण्या होऊन त्यांचं दीड एकर तीन ठिकाणी पडलंय. ड्रोन वर जाऊन नीट वळेपर्यंत चुलतभावाचं रान लागतं. भावकीत आजवर सगळ्यावरून भांडणं झाली, फुकट फवारणीवरून तेवढी राहिलीत.

पण खरी जत्रा रेड्याची. मुऱ्हा जातीचा, तेल चोपडून काळाकुळकुळीत केलेला. फलकावर खुराक लिहिलेला: दूध, तूप, बदाम, सफरचंद. खाली किंमत, कोटीत. फलक वाचून एक आजी नातवाला म्हणाली, "चल बाळा, आपण झुणका-भाकर खाऊ."

विकणार का, असं कुणीतरी मालकाला विचारलं. मालक मिशीला पीळ देत म्हणाला, "मागणी लई आली. दिला नाही."

दाजी जागीच थबकले. मागणी येऊनही न देणारा शेतकरी त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांचं सोयाबीन दिवाळीच्या तोंडावर गेलं. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये, पण खरेदी केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो, आणि काढणीला पाऊस. अडतीवर व्यापाऱ्याने मूठभर दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडला आणि आकडा टाकला. पोराची फी भरायची होती, वर टेम्पोचं भाडं चढत होतं. दाजी "बरं" म्हणाले. रेड्याला ओलाव्याची अट नाही.

बाकी मांडवात बियाणं, ठिबक, पॉवर टिलर, साऱ्यांच्या किमती विकणाऱ्यांनीच ठरवून छापलेल्या. ठरवता येतात, कारण इथे शेतकरी फक्त घ्यायला येतो. रेडेवाला एवढाच अपवाद, आणि तो विकत नाही.

त्या मालकाला हात जोडून विनंती आहे. प्रदर्शन उरकलं की एक दिवस बाजार समितीत या आणि "दिला नाही" कसं म्हणायचं, ते शिकवा. रेडा नाही आणला तरी चालेल.